ऑनीची पाच काडतुसं

हे खरं घडलंय. ज्याच्यावर बेतलं, त्याने स्वतःच मला सांगितलं. भर दुपारी, दवाखान्याच्या खाटेवर, माझं मनगट घट्ट धरून...

पटत नसेल तर इथेच थांबा.

तारीख पंधरा नोव्हेंबर. उत्तर मिशिगनमध्ये हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस.

क्लिफर्ड निएमी माझ्या बायकोचा सख्खा काका. ऑनी सारी हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. जंगलात दोघांचं एक लाकडी खोपटं होतं, आणि वर्षानुवर्षं एकच भांडण.

हरणासाठी रायफल कशी हवी?

ऑनीकडे बापाची जुनी रायफल. दस्ता झिजलेला, दुर्बीण नाही. पण बर्फात पडो, चिखलात पडो, चाप ओढला की बार व्हायचाच.

काकाची नवी कोरी, दुर्बिणीची. तीनशे पावलांवरून शर्टाचं बटण उडवेल अशी.

"तो नेम काय चाटायचाय?" ऑनी म्हणायचा. "थंडीत उडू दे तर खरी!"

"तुझी उडते रे, पण लागते कुठे? हरणं हसून हसून मरतात!"

पण काकाला एक गोष्ट ठाऊक होती.

कडाक्याच्या थंडीत त्याची रायफल दगा द्यायची. चाप ओढला तर नुसतं खट्... आणि नंतर भलत्याच वेळी, नुसता सुरक्षेचा खटका सरकवला तरी बार. दोनदा झालं होतं असं. कळलं असतं तर ऑनीने गावभर हसं केलं असतं. म्हणून काका गप्प राहिला.

तीन वर्षांपूर्वी त्याने हट्टाने तीच रायफल ऑनीच्या हातात दिली.

"एक दिवस वापर. मग बोल."

ऑनीची जुनी स्वतः घेतली.

त्या सकाळी पारा शून्याखाली वीस होता.

काकाला लांबून एक बार ऐकू आला. एकच. संकटात तीन बार काढायचे, असा आमच्याकडचा रिवाज. मारलं वाटतं ऑनीने, असं म्हणून काका कॉफी पीत बसला.

संध्याकाळी ऑनी मचाणाखाली सापडला. गोळी मांडीत शिरलेली. अंगाचं लाकूड झालेलं.

शेजारी बर्फात पाच काडतुसं.

न उडालेली. प्रत्येकाच्या बुडावर बारीकसा ठोका...

मदतीसाठी तो चाप ओढत राहिला होता.

काकाने ती काडतुसं खिशात घातली. पोलिसांना सांगितलं, ऑनीच्या बायकोलाही सांगितलं, "हात घसरला त्याचा. निष्काळजीपणा, दुसरं काय?"

"आजवर कधी नाही घसरला," हिल्माकाकू म्हणाली. मग म्हणाली, "त्याची रायफल तुझ्याकडेच राहू दे."

पुढच्या वर्षी, त्याच दिवशी, काका तीच जुनी रायफल घेऊन आपल्या मचाणावर चढला.

उजाडलं. पण खारीचा आवाज नाही, पाखराचा नाही. वाराही पडलेला...

खट्.

मागून आला आवाज. काका वळला. बर्फ कोरा होता.

खट्... आता जवळून.

पाच वेळा वाजलं. पाचवं थेट मचाणाखाली.

काका घाबरून उठला, पाय निसटला आणि खाली आला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. त्याने रायफल आभाळाकडे केली, चाप ओढला.

खट्.

जन्मात कधी दगा न दिलेली रायफल! पुन्हा भरली, पुन्हा ओढला.

खट्.

दुपार झाली. पाय बधिर झाला. आणि मग बर्फावर पावलं वाजली... करकर... करकर...

त्याच्यापुढे येऊन थांबली.

हाताभर अंतरावर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, श्वासाची वाफ निघत होती.

माणूस नव्हता.

"ऑनी, मला माहीत होतं!" काका किंचाळला. "ती रायफल खराब आहे हे माहीत होतं मला! हिल्माला सांगतो. सगळं सांगतो. सोड मला!"

वाफ थांबली.

आणि बर्फात पडलेल्या रायफलीतून, कुणाचा हात न लागता, तीन बार झाले.

ते ऐकूनच माणसं धावली. पण रायफलीची नळी गार होती. जळक्या दारूचा वाससुद्धा नव्हता.

"काका, शब्द दिलायस," दवाखान्यात हे सगळं ऐकून मी म्हणालो. "सांगून टाक हिल्माकाकूला."

"वेडा आहेस का? गावात तोंड कसं दाखवू? भास झाला असेल मला."

दुसऱ्याच दिवशी हिल्माकाकू वेलदोड्याचा पाव घेऊन दवाखान्यात आली. हळूच म्हणाली, "क्लिफर्ड, खरं सांग. कसा गेला माझा ऑनी?"

काकाने पाव मोडला. तोंडात घातला.

"सांगितलं ना, हिल्मा. निष्काळजीपणा."

मी तिथेच होतो. मीही पाव खाल्ला.

गेल्या वर्षी, पंधरा नोव्हेंबरला सकाळी, काका घरात नव्हता.

बर्फात कुबड्यांच्या खुणा होत्या. दारापासून थेट मचाणापर्यंत. तिथून पुढे काही नाही... परतीच्याही नाहीत. पोलिसांचे कुत्रे मचाणाखाली पाय टाकेनात. नुसते कण्हत राहिले. आठ दिवस शोधलं. काका अजून सापडलेला नाही.

म्हणजे आता ही गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक आहे.

हिल्माकाकू रोज दिसते. चर्चमध्ये, दुकानात. हसते. मी रोज ठरवतो, उद्या सांगू...

अजून सांगितलेलं नाही.

हंगामाला नऊ दिवस उरलेत.