आमचं नाही यातलं

पूर्वी त्या गल्लीत शेजारी वाटीभर साखर उसनी न्यायचे. भिंतीला भिंत लागून नवे बिऱ्हाड आले, ते मात्र कचरा आणून द्यायला लागले. शेजारच्या दोघी बहिणींतल्या थोरलीचा कचऱ्याचा डबा फाटकाशी असायचा, धुऊनपुसून लख्ख. सकाळी बघावे तर आत परकी काळी पिशवी, तोंडाला नीट गाठ मारलेली.

"टाकू दे गं ताई," धाकटी खोकत म्हणायची. "डबा काय आंदण मिळालाय तुला?"

"आंदण मिळायला लग्न कुठं झालं माझं!"

घरात त्या दोघीच बहिणी. थोरलीने जन्मभर शिवणयंत्र चालवून धाकटीचा दमा सांभाळला होता. तो खोकला तिला कधी जड झाला नाही. तो थांबेल, याचीच धास्ती होती.

एके दिवशी तिने पिशवी सोडली. शेजाऱ्यांचे म्हणून काही सापडले, तर तोंडावर मारता येईल. आत एक फिकट गाऊन निघाला, घडी घातलेला. खिशाला निळ्या दोऱ्याची शिवण. पांढरा दोरा संपला म्हणून थोरलीनेच घातलेली. शेवटचा टाका ती उलटा घ्यायची. इथेही उलटाच होता.

ती घरात आली. धाकटी तोच गाऊन घालून खुर्चीत बसली होती.

मग धाकटीचा चष्मा आला, काडी दोऱ्याने बांधलेला. मग कंगवा, पांढऱ्या केसांसकट. घरात मात्र हेच सगळे जागच्या जागी होते. फक्त धाकटी पिशवीगणिक फिकी पडत चालली होती. माणूस गेल्यावर सामान असेच बाहेर काढतात. आईच्या वेळी थोरलीने स्वतःच्या हातांनी काढले होते.

दुपारी तिने पिशव्या उचलल्या.

"भांडू नकोस गं उगाच," मागून धाकटी म्हणाली.

शेजारणीने पदराला हात पुसत दार उघडले.

"हा तुमचा कचरा. घ्या परत."

"आमचा कुठला, आजी? तुमचाच, म्हणून तुमच्या डब्यात ठेवत होतो."

"आमचं नाही यातलं काही."

"नक्की ना? तुमच्या माणसाचं नाही हे?"

थोरलीने पिशव्या उंबऱ्यावर ठेवल्या. हो म्हणावे, तर ते सामान धाकटीच्या नावावर लागणार.

"नाही म्हटलं ना! ज्या माणसाचं असेल, त्याचा आमचा काही संबंध नाही."

"बरं," शेजारीण मऊ आवाजात म्हणाली. "मग आम्ही ठेवून घेतो."

थोरली हलक्या पावलांनी घरी आली. बला टळली होती.

खुर्ची रिकामी होती. उशीला बसल्याचा खळगाही नव्हता.

"अगं, कुठं आहेस?"

खोकला ऐकू आला. भिंतीपलीकडून.

ती तशीच धावली. शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज धरून तिने आत पाहिले. धाकटी आरामात बसली होती. गालांवर रंग आला होता. तिने चष्मा सावरला, खिडकीकडे बघितले.

"अहो बाई," ती अदबीने म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?"