काहीच न घडणारं पुस्तक

"ज्याच्यात काहीच घडत न्हाई, तरी रडू येतं... असं पुस्तक आहे का?"

यशश्रीनं एका दमात विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. जिन्यात दडलेल्या शालू-संध्या या मैत्रिणींची खीखी वरपर्यंत येत होती. पैज त्यांचीच — न हसता विचारलंस तर उसाचा रस आमच्याकडून! जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरचं हे वाचनालय. ग्रंथपाल काकांच्या जागी सुट्टीपुरता बसलेला मुकुल आता चिडणार, बस्स.

पण तो चिडलाच नाही! उठला, मागच्या कपाटातून एक बारकं पुस्तक काढलं, बाहीनं धूळ पुसली.

"घे. रुमाल घेऊन बस मात्र."

"मी बिलकुल रडत नसते!"

यशश्रीची खोड अख्ख्या वर्गाला माहीत — पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. जिन्यातच उघडलं. 'त्या सकाळी तिनं फळीवरून एकच कप काढला.' संपलं!

ती तरातरा परत वर.

"शेवट वाचला मी. कप काढला म्हणे! ह्याच्यात रडायचं काय?"

तो असा हसला की तिचा अर्धा राग तिथंच सांडला. "मंग आता पहिल्यापासून वाच की."

दुपारी कूलरसमोर पालथी पडून तिनं वाचलं. एक बाई. रोज चहा ठेवते, दोन कप भरते, दुसऱ्यावर बशी झाकते. नवरा वारलाय, हे मधेच, जाता जाता कळतं. ना भांडण, ना पळापळ. नुसता चहा, दोन कप, बशी... आणि मग तेच वाक्य आलं. पाठ झालेलं! एकच कप.

यशश्री ताडकन उठून बसली. हनुवटीवरून पाणी टपकत होतं. अगं बाई, हे कधी झालं? आधीच माहीत असलेलं वाक्य असं कसं करू शकतं?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

"रडलीस," मुकुल म्हणाला.

"कूलरचं पाणी उडालं."

"डोळे सुजेपर्यंत?"

ती लाजली. तो शिक्क्याशी चाळा करत राहिला. "मी जूनमध्ये पुण्याला चाललोय. कॉलेजला... म्हटलं, आधीच सांगावं."

आणि परवा तर तिलाही निघायचं होतं — मामाकडं, कुंभार पिंपळगावला, सुट्टी संपेपर्यंत!

"म्हणजे... शेवटचं पान कळलं," ती पुटपुटली.

"हं."

"कळू दे. मला पहिल्यापासून वाचायचंय."

आपण हे काय बोललो! तिचे कान तापले. मुकुलनं गोंधळून शिक्का स्वतःच्याच तळहातावर मारला.

घरी आई बॅग भरत होती.

"आई, पप्पा, मी यंदा मामाकडं येणार न्हाई. सुट्टीभर रोज वाचनालयात जाणार."

आईच्या हातातली घडी सुटली. "आगं, आणि आंबे?"

पप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं काय घडून राह्यलंय त्या वाचनालयात?"

"काहीच न्हाई, पप्पा," यशश्री म्हणाली. "म्हणूनच तर जायचंय."