शेजारच्या सीटचा दिवा

हे मी कुणाला पटवून द्यायला लिहीत नाहीये. तुम्ही खोटं म्हणालात तर मला उलट बरंच वाटेल.

पण घडलंय. आमच्याच घरी, कॅरीला, नॉर्थ कॅरोलायनात.

आणि रात्री वगैरे नाही. गुरुवार, १३ मार्च २०२५. सकाळचे साडेआठ. लख्ख ऊन होतं.

माझा नवरा प्रथमेश ऑफिसला निघाला होता. डबा विसरला म्हणून मी तो घेऊन ड्राइव्हवेत पळत गेले. गाडी सुरू होती आणि आतून आवाज येत होता...

टिंग. टिंग. टिंग.

डॅशबोर्डवर सीटबेल्टचा लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटचा.

"सीटवर बॅग ठेवलीस का?" मी विचारलं.

"नाही यार. बॅग मागे आहे."

मी वाकून आत पाहिलं.

सीट रिकामी होती.

त्या सीटबद्दल आधी सांगायला हवं.

प्रथमेशच्या टीममध्ये इशिता होती. नागपूरची. आमच्यापासून दोन वळणं पुढे एकटी राहायची. तिला हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटायची. "आपल्या वाटेवरच तर आहे," असं म्हणून प्रथमेश तिला सोबत न्यायला लागला. ते दोन वर्षं चाललं.

माझा व्हिसा डिपेंडंट. नोकरी करता येत नाही. मी घरी.

"इशिताला थालीपीठ आवडतं, दोन जास्त टाक ना," तो म्हणायचा. म्हणजे मी थापायची आणि तिनं माझ्या नवऱ्याशेजारी बसून खायची. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याचं सगळं बोलून झालेलं असायचं. माझ्या वाट्याला "हं" आणि "दमलोय".

शनिवारी मी त्या सीटवर बसले की ती मागे सरकवलेली असायची, इशिताच्या लांब पायांसाठी. मी पुढे ओढून घ्यायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा मागे.

त्यांच्यात काही होतं का? माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता तरी माझा जळफळाट थांबला नसता. हो, जळफळाटच. त्याला चांगला शब्द कशाला शोधू? मला माझ्या नवऱ्याशेजारची जागा हवी होती, बस.

फेब्रुवारीत ती व्हिसा स्टॅम्पिंगसाठी नागपूरला निघाली. आम्ही दोघं तिला एअरपोर्टवर सोडायला गेलो. ती घरातून बाहेर आली, पुढचं दार उघडलं आणि सवयीनं बसली.

मी तिच्यासाठी डिकी उघडायला उतरले होते. मी गुपचूप मागे जाऊन बसले. प्रथमेशला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

एअरपोर्टवर तिनं माझा हात धरला. "रेणूताई, माझी सीट सांभाळून ठेवजा हं. तीन आठवड्यांत आलेच मी."

मी हसले.

मनात म्हटलं, नाहीच आलीस तर बरं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

दिवा पहिल्यांदा लागला त्या गुरुवारी दुपारी प्रथमेशचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. इशिता गेली होती. मेंदूत रक्तस्राव. नागपूरला संध्याकाळी सहा वाजता.

नागपूरचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे सकाळचे साडेआठ...

त्यानंतर दिवा रोज लागायला लागला.

आमच्या शेजारी मोरेश्वरकाका राहतात. रिटायर झालेत, गाड्यांचा भारी नाद. शनिवारी सकाळी ते गाडीतला बिघाड शोधायचा आपला स्कॅनर घेऊन आले. प्रथमेश आतच थांबला.

"अगं, सीटच्या गादीत वजनाचा सेन्सर असतो," काका म्हणाले. "पाणी सांडलं, किराण्याची पिशवी ठेवली, तरी फसतो तो."

त्यांनी सीटखाली हात घालून प्लग काढले, पुसले, परत बसवले. बेल्टचं बक्कल तपासलं. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला.

"बिघाडाचा एकही कोड नाही. सेन्सर ठणठणीत आहे."

आणि ते थांबले... चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन जवळ घेतली.

"काय झालं काका?"

"सीटवर एकशे अठरा पाउंड दाखवतोय. त्रेपन्न किलो."

सीट रिकामी होती. उन्हात तिच्यावरचा एकेक धागा दिसत होता.

"रेणू, तू बस बरं. आकडा हलतो का बघू."

मी बसले.

"किती?"

काकांनी स्क्रीन बाहीला पुसून पुन्हा पाहिली.

"एकशे अठरा."

माझं वजन एकशे बेचाळीस आहे.

गाडीच्या लेखी मी तिथे बसलेच नव्हते. आणि ती माझ्यापेक्षा चोवीस पाउंडांनी बारीक होती, हेही मला त्याच वेळी कळायचं होतं. भीती नंतर वाटली. आधी तेच टोचलं.

काकांनी चहा नको म्हटलं. "डीलरला दाखवा," एवढंच बोलून ते स्कॅनर गुंडाळत निघून गेले.

पण प्रथमेश डीलरकडे जाईना.

"चालतंय ना? राहू दे की," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी मी किचनच्या खिडकीतून पाहत होते. गाडीत बसल्यावर त्यानं शेजारच्या सीटचा पट्टा ओढला आणि हळूच खटक्यात अडकवला. आवाज बंद करायला लोक तसं करतात, मलाही माहीत आहे.

पण पट्टा ओढताना त्याने हात लांबून फिरवला... कुणाला धक्का लागू नये म्हणून फिरवतात तसा.

आणि पट्टा सीटला टेकला नव्हता.

हवेत, छातीच्या उंचीवर, ताणून राहिला होता.

गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. माझ्या हातातलं थालीपीठ करपलं.

पुढच्या बुधवारी प्रथमेश वर्क फ्रॉम होम होता. मी गाडी घेऊन मॉरिसव्हिलला किराणा आणायला गेले. जाताना दिवा. येताना दिवा. टिंग, टिंग, टिंग. मी तिकडचा पट्टा लावला नाही. मी का लावू?

गाडी गॅरेजमध्ये आणली आणि माझा तोल सुटला.

"ही माझी सीट आहे," मी रिकाम्या सीटकडे बघून ओरडले. "दोन वर्षं बसलीस ना? पुरे झालं. उतर. आत्ता, इथेच उतर."

टिंग...

मग शांतता.

दिवा विझला होता.

खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं. मी पिशव्या काढल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं. गॅरेजचं दार खाली यायला लागलं.

अर्ध्यावर थांबलं... आणि परत वर गेलं.

दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, छोटे सेन्सर असतात. मध्ये काही आलं की दार बंद होत नाही. मी जाऊन पाहिलं. काच पुसली. मध्ये काही नव्हतं, पानसुद्धा नाही.

पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा अर्ध्यावरून वर.

कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहून, बाहेर जायचं की आत यायचं, ठरवत असल्यासारखं.

तिसऱ्यांदा दार गपकन बंद झालं. मी सुस्कारा टाकला. म्हटलं, गेली एकदाची.

खरंच, त्या दिवसापासून गाडीत दिवा लागला नाही. शनिवारी मी प्रथमेशशेजारी बसले, आणि पट्टा लावेपर्यंत गाडी माझ्यासाठी वाजली. मला रडू आलं. सीट आता पुढेच असते. कुणी मागे सरकवत नाही.

प्रथमेशही सावरला. हसायला लागला.

आमच्या हॉलमध्ये तीन जणांचा सोफा आहे. आधी तो मधोमध पाय पसरून बसायचा. हल्ली एका कडेला बसतो.

परवा दुपारी मी चहा घेऊन त्याच्या शेजारी बसायला गेले.

लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला, "इथे कुठे? तिकडे बस ना, तिकडे जागा आहे."

त्याने दुसरी कड दाखवली.

त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. मी खाली पाहिलं...

मधली गादी दबलेली होती.

जाऊन दुसऱ्या कडेला बसले. तेव्हापासून तिथेच बसते. मीच तिला माझ्या घरात उतरवलं, हे कुणाला सांगू?

संध्याकाळी तो आता खूप बोलतो. ऑफिसचं, ट्रॅफिकचं, सगळं. बोलताना माझ्याकडे बघत नाही.

गाडीत निदान दिवा तरी लागायचा.