प्रश्नचिन्ह नसलेली ओळ

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या भाचीच्या, तूलिक्कीच्या बाबतीत. फिनलंडमधल्या औलू शहरात, युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या आदल्या संध्याकाळी. ऊन लख्ख होतं. सगळे तळ्याकाठी गेलेले. ऑफिसात ती एकटीच.

सण तिला सुचणारच नव्हता. तिची आई सैमी, म्हणजे माझी बहीण, घरी श्वासाच्या यंत्रावर होती. यंत्र तूलिक्कीच्याच कंपनीचं. ते मध्येच बंद पडायचं. पुन्हा आपोआप सुरू व्हायचं, पण दर वेळी जास्त उशिराने.

का, ते कळत नव्हतं.

यंत्राचा कर्नेल, म्हणजे त्याला चालवणारा गाभ्यातला प्रोग्राम, कोसळला की मागचा माग लिहून ठेवतो. कोणत्या कामाने कोणतं काम बोलावलं, त्याची चळत. पण हा कोसळायचा नेमका इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम अडवून तातडीचं काम आत घुसलं की. तिथे चळत बदलते. माग काढणारा कोड भलतीकडे पाय टाकायचा आणि स्वतःच मरायचा.

तिने तो दुरुस्त केला. प्रत्येक पावलाआधी मेमरीतली जागा आपलीच आहे का ते तपासायचं, मगच अडवलेल्या कामाच्या चळतीवर उतरायचं.

टेबलावर तसंच एक यंत्र फुस्स... फुस्स... करत होतं.

थांबलं.

पडद्यावर पहिल्यांदाच अख्खा माग आला. तळाशी एक नाव... ओदोता.

फिनिशमध्ये त्याचा अर्थ, थांब.

कोडमध्ये फिनिश नावं फक्त तिचा सहकारी वैक्को द्यायचा. सगळे त्याची टर उडवायचे. तो वसंतात वारला होता. त्याचा कोड केव्हाच काढून टाकला होता. तिने शोधलं. कोडमध्ये कुठेच नव्हतं ते नाव.

तिने दुसऱ्या सहकाऱ्याला, इल्मारीला फोन लावला. तो सौनातून, वाफेच्या स्नानातून ओला बाहेर आला होता.

"अगं बाई, आज तरी सोड की. प्रश्नचिन्हवाली ओळ असेल. तो कचरा असतो, कोण वाचतं?"

"प्रश्नचिन्ह नाहीये, इल्मारी."

मग तो हळूच म्हणाला की जुन्या प्रत्येक अर्धवट अहवालात ते नाव होतं. प्रश्नचिन्हासकट. खात्री नसलेली ओळ म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन.

"बंद पडलं होतं गं. आता सुरू आहे."

"आई, किती वेळ? घाबरलीस?"

"नाही. तो म्हणाला ना, थांब. मग थांबले."

"कोण तो?"

"तुझ्या ऑफिसातलाच असेल... भला माणूस वाटला."

घरात आईशिवाय कुणी नव्हतं.

तूलिक्की रडत घरी धावली. सण संपताच दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं. जुनं स्वतःच्या हाताने उघडून सुटं केलं. इल्मारीने ते नाव पुन्हा कुठे शोधलं नाही, तिनेही नाही.

नवं यंत्र आजवर एकदाही थांबलेलं नाही.

पण मागच्या आठवड्यात मी सैमीच्या उशाशी बसलो होतो. यंत्र हवा देत होतं... फुस्स... फुस्स...

आणि तिची छाती हलत नव्हती.

तूलिक्कीने तिला गदागदा हलवलं. सैमीने डोळे उघडले. लेकीकडे नाही, कुणाची परवानगी घ्यावी तसं रिकाम्या दाराकडे बघितलं, आणि मग श्वास घेतला.

हे आता रोज होतं. तूलिक्की झोपत नाही.