आधी पाणी, मग तेल

"उजवा हात, सात भेगा. डावा हात, सहा भेगा. निकाल, नापास," टिपण म्हणाला आणि त्याने आपल्या पोटावरच्या पडद्यावर लाल फुली मारली.

शाल्मलीने दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले. जसं काही लपवल्याने ते बरे होणार होते!

टिपण हा चंद्रावरच्या 'सोमतळ' वसाहतीतला तपासणी-रोबो. पिंपाएवढा उंच, खाली चार चाकं, वर दोन लांब हात आणि बोलणं असं, की शाळेतल्या कडक बाईंनीही त्याच्याकडून धडे घ्यावेत.

"पण मी रोज खोबरेल लावते! दिवसातून तीनदा!" शाल्मली म्हणाली.

"लावत असशील, ताई. हात चकाकतायत. पण चकाकतायत आणि फुटलेतही."

"मला ताई म्हणू नकोस. मी अकरा वर्षांची आहे."

"माझ्या शिष्टाचार-नियमावलीत (कोणाशी कसं बोलावं याच्या यादीत) तसंच लिहिलंय, ताई."

वर्गातली इतर मुलं फिदीफिदी हसली. शाल्मलीला मात्र हसू आलं नाही. दहा दिवसांनी त्यांच्या वर्गाची बाहेरची फेरी होती. सोमतळ वसाहत एका खोल विवरात (चंद्रावरच्या मोठ्या खड्ड्यात) वसलेली. तिथून आकाश दिसायचं, पण पृथ्वी दिसायची नाही, कारण ती विवराच्या कडेच्या पलीकडे. फेरीत मुलांना गाडीतून त्या कडेवर नेणार आणि तिथून पृथ्वी दाखवणार होते. वेंगुर्ल्याहून इथे येऊन शाल्मलीला चार महिने झाले होते. चार महिन्यांत तिने आपलं घर ज्या गोळ्यावर आहे तो गोळा एकदाही पाहिला नव्हता. ही फेरी हुकली, तर पुढची पाळी थेट वर्षाने.

आणि नियम साधा होता. बाहेर जायच्या अंतराळ-पोशाखाचे हातमोजे चार तास हातांवर गच्च बसतात. आतून त्यांची संवेदकं (नाडी आणि ऊब ओळखणारे बारीक तुकडे) कातडीला चिकटतात. भेगा असलेला हात आत गेला, तर तो चिघळणार. म्हणून भेगा असतील तर फेरी नाही.

"मलम दे ना," ती म्हणाली.

"दोनदा दिलं. दोनदा भेगा बुजल्या आणि दोनदा पुन्हा फुटल्या. मलम भेग बुजवतं, भेगेचं कारण बुजवत नाही. ते शोधायला हवं."

"मग शोधेन मी," शाल्मली म्हणाली. आवाज जरा चढलाच तिचा.

घरी आल्यावर आईने पहिलं काम केलं ते हात बघण्याचं. शाल्मलीची आई ऋजुता पेडणेकर, वसाहतीच्या हरितगृहाची प्रमुख. पालकाच्या पानावर एक ठिपका दिसला तरी सगळा वाफा तपासणारी बाई. लेकीच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

"अगंबाई! वाढल्या की गं! धूळ गेली असणार. हात धुतलेस का आल्यावर? गरम पाण्याने? उटणं लावून?"

"धुतले."

"पुन्हा धू. चांगले चोळून. आणि वर तेल लाव."

हे उटणं उज्जूमावशीचं. मावशीचं वेंगुर्ल्यात पार्लर आहे. डाळीचं पीठ, मसूरपीठ, थोडी हळद, वाळलेली संत्र्याची साल, असं दळून तिने डबाभर उटणं सोबत दिलेलं. वसाहतीतला साबण कडक वाटला म्हणून आईने मोठ्या काळजीने हेच सुरू केलं. हरितगृहात मदत करून आलं की उटणं, जेवणाआधी उटणं, जेवणानंतर उटणं. दिवसातून सहा-सात वेळा.

गेल्या आठवड्यात शाल्मलीने आणखी एक उद्योग केला होता. कुठल्याशा चित्रफितीत पाहून भेगांवर लिंबू चोळलं होतं. लिंबाच्या रसात तीव्र आम्ल असतं. ते उघड्या भेगेत गेल्यावर तिने जी बोंब ठोकली, ती शेजारच्या चार घरांनी ऐकली. 'स्वयंपाकघरातलं आहे म्हणजे अंगाला चालेलच असं नाही,' एवढं तिला त्या दिवशी कळलं होतं.

संध्याकाळी शाल्मलीने मावशीला फोन लावून उटण्याबद्दल विचारलं. चंद्रावरून बोललेलं पृथ्वीवर जाऊन उत्तर परत यायला अडीच-तीन सेकंद लागतात. मावशी तेवढ्यातही स्वतःचं वाक्य घुसवायची.

"काय गो, माझ्या उटण्याला नावं ठेवतेस? नवऱ्या मुली रांगा लावतात माझ्याकडे!"

"नावं नाही ठेवत. विचारतेय. तिथे मी हेच लावायचे, तेव्हा हात मऊ असायचे. इथे फुटतात. उटणं तेच, हात तेच."

तीन सेकंदांनी उत्तर आलं.

"मग बाये, उरलेलं काय बदललं ते बघ," मावशी म्हणाली. "आणि तोवर हळदीचा लेप लाव."

"नको, मावशी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार कसं?"

रात्रीच्या जेवणाला आई पोळ्या करत होती. एक पोळी तव्यावरून काढली आणि तिला तूप लावणार, तेवढ्यात हरितगृहाची घंटा वाजली. आई धावली. अर्ध्या तासाने परत आली तोवर ताटातली ती पोळी पापडासारखी कडक झाली होती. शाल्मलीने तिच्यावर चांगलं चमचाभर तूप ओतलं, पसरलं. तूप वरच्या वर राहिलं. पोळी चकाकली, पण दुमडायला गेली तर कट्कन मोडली.

शाल्मली त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग आपल्या हाताकडे. चकाकणारा, आणि फुटलेला.

"आई, उद्या मला चार पोळ्या दे. खायला नाही."

"अन्न वाया नाही घालवायचं हं."

"वाया नाही जाणार. मोजून झाल्यावर मीच खाईन."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. टिपणला तिने मुद्दाम बोलावून घेतलं, कारण त्याच्या बोटांत वजनकाटा होता. एकाच कणकेच्या, एकेक चाळीस ग्रॅमच्या चार पोळ्या. पहिली नुसतीच ठेवली. दुसरीला तव्यावरून उतरताच दोन्ही बाजूंनी दोन ग्रॅम तूप लावलं. तिसरी आणि चौथी तशाच वाळू दिल्या.

चार तासांनी टिपणने वजनं घेतली.

"पहिली, एकतीस ग्रॅम. दुसरी, एकूण चाळीस. त्यात तूप दोन."

"म्हणजे कोरड्या पोळीतून नऊ ग्रॅम गेले आणि तूप लावलेलीतून दोनच! काय गेलं पण?"

"तूच सांग, ताई."

"पाणी. वाफ होऊन हवेत गेलं."

"बरोबर. हवेतल्या वाफेच्या प्रमाणाला आर्द्रता म्हणतात. वेंगुर्ल्याची हवा समुद्राकाठची, ओलसर. ती आणखी पाणी फारसं मागत नाही. इथे यंत्रं गंजू नयेत म्हणून आपण हवा कोरडी ठेवतो. कोरडी हवा तहानलेली असते. समोर दिसेल त्यातलं पाणी ओढते."

"पोळीतलं. आणि माझ्या हातातलंही!"

मग वाळलेली तिसरी पोळी. तिच्यावर शाल्मलीने तूप लावलं. कालच्यासारखीच ती कडकच राहिली. चौथ्या पोळीवर आधी पाण्याचा हात फिरवला, दोन मिनिटं झाकून ठेवली, आणि ओलसर असतानाच वर तूप लावलं. दहा मिनिटांनी चौथीची सुरळी झाली. तिसरी हात लावताच मोडली.

"तुपात पाणी नसतंच!" शाल्मली ओरडली. "ते मऊ करत नाही. ते फक्त दार लावतं! पाणी आत असताना दार लावलं तर पाणी आत राहतं. पाणी गेल्यावर लावलं, तर रिकाम्या घराला कुलूप!"

टिपणच्या पडद्यावर एक चित्र उमटलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर, हजारपट मोठा केलेला. चपट्या, मेलेल्या पेशींचे (शरीर ज्यांनी बनतं त्या सूक्ष्म घटकांचे) थरावर थर, विटांसारखे. आणि विटांच्या मध्ये गिलावा.

"हा गिलावा स्निग्ध पदार्थांचा (तेलातुपासारख्या पदार्थांचा) असतो. तो शरीर स्वतःच बनवतं. पाणी आत अडवणारी खरी भिंत हीच. आता सांग, तेलकट डबा घासायला आई काय वापरते?"

"डाळीचं पीठ. पीठ तेल शोषून घेतं..." शाल्मली थांबली. "उटण्यात डाळीचं पीठ आहे."

"आणि कढत पाणी. तुपाचं भांडं गार पाण्याने निघतं का?"

शाल्मलीने मान वर केली. दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे मीच," आई म्हणाली. "दिवसातून सात वेळा मीच तिची भिंत खरवडून काढत होते."

"आई, वेंगुर्ल्याला ते बरोबर होतं. तिथे घामाने, तेलाने अंग चिकट व्हायचं, आणि तेही आपण दिवाळीत, नाहीतर रविवारी लावायचो. मावशीचं उटणं वाईट नाहीये. इथली हवा वेगळी आहे, आणि सात वेळा फार झालं."

"मग आजपासून बंद. दोन्ही हातांना," आई लगेच म्हणाली.

"नाही. पोळीवर पटलं, हातावर पटायला हवं. तीन दिवस डावा हात नव्या पद्धतीने, उजवा जुन्या. मग खरंच कळेल."

"माझ्या लेकीच्या हातावर प्रयोग? मुळीच नाही!"

"माझाच हात आहे, आई. आणि तीनच दिवस. नाहीतर पुन्हा बुजतील, पुन्हा फुटतील, आणि आपण पुन्हा काहीतरी चोळत बसू."

आईने टिपणकडे पाहिलं. त्याने कुणाचीच बाजू घेतली नाही.

"माझ्या अटी आहेत," तो म्हणाला. "रक्त, पू किंवा सूज दिसली, की प्रयोग बंद आणि थेट डॉक्टर. खोबरेल ती आधीपासून वापरते, त्याने तिला त्रास होत नाही हे ठाऊक आहे. नवं काही असतं, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबलो असतो."

आईने शाल्मलीचा डावा हात उलटून पाहिला. मग म्हणाली, "रोज सकाळ-संध्याकाळ मी बघणार."

"ते तू नाही म्हटलं तरी बघणारच आहेस," शाल्मली म्हणाली. आईला हसू आलं.

डाव्या हाताला कोमट पाणी, पीठ नाही. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. आणि हात दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, खोबरेलाचे चार थेंब. उजव्या हाताला उटणं, कढत पाणी, आणि वाळल्यावर तेल. डाव्यावर मोजा घालून उजवा हात धुणं म्हणजे सर्कसच होती. वर्गातला तन्मय म्हणालाही, "अर्धी पेडणेकर वेडी झालीय, बाकीची अर्धी व्हायची आहे."

रोज टिपण जलवाफमापीने (कातडीतून किती पाणी वाफ होऊन जातं ते मोजणाऱ्या यंत्राने) दोन्ही हात मोजायचा. प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी डाव्या हातातून उजव्याच्या निम्म्याहून कमी पाणी जात होतं. डाव्यावर तीन भेगा उरल्या. उजव्यावर आठ झाल्या.

आता उरले सहा दिवस. आणि उजवा हात आधीपेक्षाही वाईट.

त्या रात्रीपासून शाल्मलीच्या उजव्या हाताला कोमट पाणी आईनेच घातलं, तिनेच टिपलं, आणि घड्याळाकडे बघत तेल तिनेच लावलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. हरितगृहात शाल्मलीने मोजे घातल्याशिवाय मातीला हात लावला नाही, म्हणजे धुण्याची वेळच कमी आली. फेरीला तीन दिवस उरले असताना अंगठ्याजवळची एक भेग पुन्हा उकलली. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोह झाला, काहीतरी दुसरं लावावं, चटकन बरं करणारं. तिने ते पाणी पुसलं आणि पुन्हा तेच केलं. कोमट पाणी, टिपणं, तेल.

फेरीच्या दिवशी सकाळी टिपणने डावा हात उचलला. "शून्य." उजवा उचलला. अंगठ्यापाशी थांबला. भिंग पुढे आणलं. आईने श्वास रोखून धरला होता, ते शाल्मलीला न बघताही कळत होतं.

"एक जुनी खूण. बुजलेली. वर नवी कातडी. जलवाफ, मर्यादेत." पडद्यावर हिरवी बरोबरची खूण उमटली. "उत्तीर्ण, ताई."

गाडी विवराच्या कडेवर थांबली. पोशाखातली मुलं आणि टिपण खाली उतरले. करड्या दगडांच्या वर, काळ्या आकाशात ती होती. निळी, पांढरी, ओली दिसणारी. शाल्मलीने कोकण शोधलं, पण तिथे ढग होते. मग तिने शिरस्त्राणाची भिंगाची काच खाली केली आणि पृथ्वीच्या कडेवर नजर लावली. अगदी कडेला एक निळसर रेघ होती. हवेची. केसाएवढी.

"एवढीच?" ती पुटपुटली. खाली बुटांशी चंद्राची माती होती, हवा नसलेली, कोरडी ठक्क. वर तेवढ्याशा पातळ रेघेच्या आत सगळे समुद्र होते.

"टिपण, तिचं पाणी कसं उडून जात नाही? कोण धरून ठेवतं?"

"त्याला बरीच कारणं आहेत, ताई. एक म्हणजे तिची ओढ, दुसरं म्हणजे वरच्या हवेतली—"

"थांब!" शाल्मली म्हणाली. मोज्यातला हात तिने वर केला. "सांगू नकोस. आधी मला शोधू दे."