एक टोपलं जास्तीचं

सकाळी १० – ९६ अंश

पुसेगावच्या फाट्यावर हिंगोलीची बस चुकली नसती, तर ती वाफ मला दिसलीच नसती. रस्त्याला लागून हळद शिजवायचा कुकर चालू होता. शेजारी ताजा, वाफाळता ढीग… आणि त्याच्या वाफेवर हाताची पाठ धरून बघणारा एक तरुण.

"थर्मामीटर खुपसू का यात?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग ढिगाकडं. "काहून? ताप आलाय का हळदीला?"

हसू दाबत मी सांगितलं. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, गणित. गरम वस्तू निवत जाते त्याचं समीकरण लाप्लास रूपांतरानं सोडवायचंय. सोमवारी प्रकल्पाची वही द्यायची. पण सर म्हणाले, हे साध्या रीतीनं दोन ओळींत सुटतं. लाप्लास कशाला लागतो ते दाखव, नाहीतर वही परत.

"मंग कशाला लागतो?"

"तेच तर माहीत न्हाई."

त्याचं नाव शिवहार. कुकर त्याचाच.

११ – ८०

"पण हे लाप्लास म्हंजी काय राहतं?"

"बदलाचं अवघड गणित साधं करतं. ते सोडवायचं, उत्तर परत फिरवून आणायचं. फक्त सुरुवातीचा आकडा आधीच सांगावा लागतो."

"म्हंजी पहिल्यांदा दिसलं तवा किती गरम होतं, ते."

मी वहीत बघत राहिले. त्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

१२ – ६८
१ – ५९

बराबर. हवा बत्तीस अंश. तिच्याहून जास्तीची ऊब दर तासाला पाऊणपट उरत होती. "दोनला बावन्न येणार," असं सांगून मी लिंबाखाली डबा खायला गेले.

२ – ६४

पुन्हा पाहिलं. चौसष्टच.

ढिगामागं एक रिकामं टोपलं होतं. त्यातून अजून वाफ येत होती.

"तुमी यात काय टाकलं?"

"काई न्हाई…"

"शिवहार."

"एक टोपलं. आत्ताच शिजलेलं. मधोमध."

"काहून?"

तो ताडपत्रीची दोरी सोडत होता, परत बांधत होता. "निवलं की तुमी जाल – म्हणून."

हिंगोलीची बस आली. थांबली. गेली.

मी वही उघडली. साधी रीत इथं अडते. मधेच ऊब मिळाली की थांबून सगळं नव्यानं मांडावं लागतं. लाप्लासमध्ये तो अचानक धक्का त्याच समीकरणात एक पद होऊन बसतो. सरांना हेच हवं होतं.

"गणित बिघडवलं ना म्या तुमचं?"

मी वही त्याच्याकडं फिरवली. एका पदावर बोट ठेवलं. "हे तुमी."

"एवढुसा?"

"याच्यामुळंच लाप्लास लागतो."

त्यानं रिकामं टोपलं उचललं. मग हळूच – "उद्या पन टाकू एक टोपलं?"

"टाका. पण कधी टाकलं ते सांगू नका. मी गणितानं शोधून काढीन."

"त्याला सारखं मोजत बसावं लागंल."

"दर दहा मिनिटाला," मी म्हणाले. "दिवसभर."