तिसरं गिऱ्हाईक

"चावी निघत नाहीये," ती म्हणाली आणि हाताची घडी घालून दाराला टेकून उभी राहिली. "बघा तुम्हीच. तुम्हालाच घ्यायचीय ना गाडी?"

गाडी बघायला आलेला हा तिसरा. पहिल्याने चावी अशी पिरगाळली होती की मोडलीच असती. दुसरा 'हे झेंगट कोण गळ्यात घेणार' म्हणत चालता झाला होता. हा मात्र चक्क आत जाऊन बसला. चष्म्याचं दुकान होतं म्हणे त्याचं. स्वतःच्या नाकावरही एक, बारीक काड्यांचा.

तिचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे मोकळे करायचे, हे तिचं काम. मागच्या सीटवर घडीचा पलंग, पट्टे, रबरी चेंडू. गाडी होती म्हणून काम होतं. पण कागदावर नाव दादाचं, आणि दादाने तिला न विचारता गाडी विकायला काढलेली. का, तर तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि 'त्यांच्याकडे' दोन गाड्या आहेत. मुलगी सासरी जायच्या आत तिची चाकं काढून घ्यायची! वा रे शहाणे!

चावी निघत होती. गिअरची दांडी पार्किंगवर नेली तरी केसभर मागे राहायची. ती पुढे रेटून धरली की चावी अलगद सुटायची. ही खोड फक्त तिला ठाऊक होती, आणि ती मेली तरी सांगणार नव्हती.

चष्मेवाल्याने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवलं. चावी फिरवली. नाही. दिवे लावून बघितले.

"बॅटरी ठीक आहे," तो म्हणाला. "आत तेलबिल मारलंत का कधी?"

"मी माणसांना तेल लावते. गाडीला नाही."

तो हसला. तिला जास्तच राग आला. हसताना बरा दिसत होता, त्याचाही.

"रोज काय करता मग? चावी गाडीतच ठेवून घरी झोपता?"

"तुम्हाला काय करायचंय? नको असेल तर नको म्हणा."

"नको कुठे म्हटलं..." तो बाहेर आला, तिच्याजवळ, आवाज खाली. "मघाशी गाडी बंद करताना तुम्ही दांडी पुढे रेटायला गेलात आणि हात मागे घेतलात. मुद्दाम. मी बघितलं."

तिचे कान तापले. "गाडी बघायला आला होतात ना?"

"हो. पण... हात दिसला. मग गाडी बघायची राहिलीच."

ती काही बोलणार तोच फोनवर बोलत फेऱ्या मारणारा दादा जवळ आला. "काय मग साहेब, पसंत?"

चष्मेवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. "छे हो! चावीच निघत नाही. फुकट दिलीत तरी नको."

झालं. सुटली. तिने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण आतून अशी सणक उठली! हा कोण आपल्या वतीने खोटं बोलणारा? आणि उद्या चौथा आला की? पाचवा? आपल्याच गाडीसाठी चोरासारखं किती दिवस?

ती तरातरा आत बसली, दांडी रेटली, चावी उपसली आणि दादाच्या नाकासमोर धरली.

"ही बघ. निघते. तिघांनाही मी फसवलं."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"त्यांच्या दोन गाड्या मला चालवायला देणारेत? विचारलंस?"

दादा चाचरला. "ते... नंतर बघू ना. लगेच कसं विचारायचं?"

"मग कळव त्यांना, माझा नकार आहे. आणि गाडी विकायचीच असेल तर चावी माझ्या हातातून हिसकावून घे. घे ना!"

रस्त्यावरचे दोघं-तिघं थबकले. दादाने हात पुढे केला... आणि खिशात घातला.

"आईला तू सांगायचंस."

"सांगते. तुझ्यासमोर सांगते."

तो पाय आपटत गेला.

"मी... निघू?" चष्मेवाला म्हणाला. "रिक्षा मिळेल ना इथे?"

"बसा. दुकानापर्यंत सोडते."

गाडी निघाली. उन्हाने तापलेल्या सीटा, खिडकीतून येणारा गरम वारा... आणि तो मांडीवर हात ठेवून परीक्षेला बसल्यासारखा ताठ.

"माझ्यावर अजून राग आहे?"

"आहे. माझ्यासाठी परत खोटं बोलायचं नाही."

"परत?" त्याने नेमका तोच शब्द उचलला. "म्हणजे परत भेटायचंय?"

ती पुढे रस्त्याकडेच बघत राहिली. गालात आलेलं हसू तिने दाताखाली दाबलं.

"मी फार चिडकी आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"ते दिसतं हो. चष्म्याशिवायसुद्धा."

आता मात्र ती फिसकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"अहो," तो मागे वळून बघत म्हणाला, "माझं दुकान... गेलं मागे."

"दिसलं मला," ती म्हणाली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा आणखी दाबला.